एका दाताचा फरक

धनकवडीत कुरियरच्या शटरला लागून माझी चाव्यांची टपरी.
पोलीस आले ते कुलूप उघडायला नाही,
त्यांना पंच हवा होता.
"काका, सही येते ना?"
येते म्हणालो, आणि अडकलो.

तिसरा मजला. सुहृद केंजळे, एम.एस्सी., रसायन.
ओळखीचा पोरगा. चावी करून घेतली होती माझ्याकडून,
वीस रुपये राहिले तर दुसऱ्या दिवशी स्वतः आणून दिले.

खोलीत चटई, लॅपटॉप, सोनाराकडचा असतो तसला काटा,
फुंकर मारली तरी आकडा हलतो.
चंदेरी पाकिटं. प्रत्येकावर छापलेलं,
मानवी वापरासाठी नाही.
हवालदारानं ते मोठ्यानं वाचलं.
दारात उभी त्याची आई म्हणाली,
"मग पैसे कोण पाठवत होतं रे?"
पंचनाम्यात हे वाक्य नाही.

"साहेब, हे यादीत नाही," तो म्हणाला,
उत्तर येणाऱ्या मुलाच्या आवाजात.
"यादीतल्या रेणूची एक बाजू बदललीय फक्त.
रेणू वेगळा, म्हणजे माल वेगळा."

मला ते साहेबांच्या आधी कळलं.
कानस घ्यायची, एक दात किंचित घासायचा,
चावी वेगळी होते, खरंय.
पण कुलपाला यादी वाचता येत नाही.
उघडायचं तर ते उघडतं,
आणि कधी कधी चावी आतच तुटते.

विमाननगरच्या एका होस्टेलात तुटली होती.
मुलगी एकोणीस वर्षांची, सहा दिवस नळ्यांवर.
पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं,
कुरियरच्या पावतीवर मोबाईल नंबर मात्र होता,
स्वतःचा.
एवढं शिकून.

साहेबांनी फोनवर राजपत्र उघडलं, अंगठ्यानं मोठं केलं.
नाव चढून सतरा दिवस झाले होते.
त्या सतरा दिवसांत बेचाळीस पाकिटं गेली.
"ऑर्डरी जुन्या होत्या," तो म्हणाला,
"लोकांचे पैसे आधीच घेतले होते."
मला ते वीस रुपये आठवले.

"आणि नाव चढलं नसतं तर?"
साहेब बोटं मोजू लागले.
परवाना नाही. लेबल खोटं. ती मुलगी.
तिच्यापाशी येऊन थांबले,
पुढची बोटं तशीच उघडी राहिली.

लाख वितळवली, ठसा उमटला, मी सह्या केल्या,
सव्वीस.

दोन वर्षांनी शिवाजीनगर कोर्टात साक्ष.
वजनात पुडीतली भुकटी पूर्ण धरायची,
की भेसळ वजा करून उरलेलीच,
यावर दोन वकील जेवणाच्या सुट्टीपर्यंत भांडले.
त्या दोन ग्रॅमांवर दहा वर्षं लटकली होती.
मला विचारलं, "रसायनशास्त्र शिकलात?"
नाही.
"मग पाकिटात काय होतं, कसं सांगता?"
काय होतं माहीत नाही, काट्यावरचा आकडा पाहिला.
सुहृद माझ्याकडे बघत होता. रागानं नाही.
जामीन तीनदा फेटाळला गेलेला चेहरा
कसा असतो ते सांगता येत नाही,
दाढी नीट केलेली होती.

गेल्या मंगळवारी त्याची आई टपरीवर आली.
येरवड्याहून परत येत होती, पिशवीत रिकामा डबा.
"घराची एक जास्तीची करून द्या,
सुटला तर त्याच्याजवळ असावी."
मी दोनदा घासली, दोनदा लावून बघा म्हणालो.
साठ रुपये झाले. तिनं शंभर दिले.
सुट्टे नव्हते माझ्याकडे.
चाळीस अजून द्यायचे आहेत.