समुद्रसपाटी

हर्कमान तामांग, वय एकाहत्तर.
समोरच्या टॉवरच्या वॉचमनचा बाप.
काठमांडूच्या वरच्या धारेवरून उतरला
मोतीबिंदू काढायला, आमच्या सिव्हिलमध्ये.
पट्टी सुटून आठवडा झाला तेव्हा मुलगा म्हणाला,
"मढवीशेठ, जरा ठाणं दाखवा यांना, डोळे नवे आहेत."
शेठ ही त्याची पद्धत. माझी रिक्षा आहे.

मीटर पाडायच्या आधीच म्हाताऱ्याने विचारलं,
माझ्याइतक्याच मोडक्या हिंदीत,
"हे गाव किती उंच?"
म्हटलं, सात मीटर की काहीतरी, समुद्रसपाटीपासून.
काळ्या चष्म्याखालून पाणी येईपर्यंत हसला.
"तेवढं तर आमचं नासपतीचं झाड."

मासुंद्याला एक फेरी मारली.
कौपिनेश्वराच्या नंदीला त्याने नमस्कार नाही केला,
पाठीवरून हात फिरवला,
बाजारात बैल घेताना फिरवतात तसा.
मी सांगितलं, ही राजधानी होती बाबा,
शिलाहारांची, श्रीस्थानक म्हणायचे.
तो मान वळवून राजवाडा शोधू लागला.
मग किल्ला दाखवला, बाहेरूनच, कारण आत जेल आहे.
दगडी भिंत, वर तारेची वेटोळी, फटीतून पिंपळ,
आणि भेटीची वेळ व्हायची म्हणून
पिशव्या मांडीवर घेऊन सावलीत बसलेल्या बायका.
"राजा आत आहे?"
म्हटलं, नाही, तो केव्हाच सुटला.

येऊरच्या चढाला माझी रिक्षा कण्हू लागली
आणि मागे तो पहिल्यांदा ताठ बसला.
वळणावर एक वारली बाई करवंदं विकत होती,
पळसाच्या द्रोणात, दहा रुपये.
एक तोंडात टाकून चघळत राहिला.
मी मोठ्या मानाने हात पसरला : हा आमचा डोंगर.
"बरं," म्हणाला.
त्या बरं-मध्ये आख्खा ठाणे जिल्हा मावला
आणि वर जागा उरली.

घोडबंदर रोडला मेट्रोच्या खांबांखाली पाऊण तास.
घोड्यांचं बंदर, अरबी घोडे उतरायचे इथे,
हे सांगून संपलं तरी सिग्नल लालच.
किल्ल्यापर्यंत गेलोच नाही, गायमुखला थांबलो.
ओहोटी लागली होती. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या.
तो चपला हातात घेऊन खाली उतरला,
बोट बुडवलं,
जिभेला लावलं.

"नून."

मग बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, त्याचा आजा मीठ आणायचा,
कपाळाच्या पट्ट्याला पोतं अडकवून,
बारा दिवसांची चढण.
पाऊस लागला की पोतं पाझरायचं पाठीच्या फोडांत,
आणि ओझं हलकं होत चाललं म्हणून
आजा रडायचा.
घरात मीठ चिमटीने. भांडण झालं की मिठावरून.
"आमच्याकडे उंची मीटरमध्ये नाही मोजत," म्हणाला,
"मीठ किती लांबून येतं, तेवढी उंची."

आता काय सांगू याला.
माझा बाप कोलशेतच्या मिठागरात फळी ओढायचा.
टाचांना भेगा अशा की आई त्यात मेण भरायची.
बांधावर पांढऱ्या राशी उघड्या पडलेल्या असायच्या,
कुत्रं फिरकायचं नाही, चोर तर नाहीच.
त्या जागी आता बत्तीस मजले आहेत,
नाव कुठल्याशा शिखराचं,
आणि गेटवर, प्लास्टिकच्या खुर्चीत,
याचाच मुलगा.

सांगितलं तेवढं. त्याने माझ्या टाचांकडे पाहिलं.

निघताना बिसलेरीची बाटली भरून घेतली खाडीत.
म्हटलं बाबा, गटारं येतात यात, सोड.
त्याने झाकण घट्ट पिळलं.
गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग बस, मग जीप, मग पायी.

भाडं किती, विचारलं.
मीटरवर चारशे साठ होते.
म्हटलं, फोन करा पोहोचल्यावर,
वर गेलं तरी खारट राहतं का,
तेवढं सांगा.