तांब्याच्या चकत्या

दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना
ती शीळ घालते.
आधीही घालायची, पण ती निराळी,
पाणी उकळायच्या जरा आधीच्या किटलीची.
आता तिच्यात काहीतरी घासतं,
आणि कोपूच्या दीपगृहाचा चढ लागला
की आरशात निळसर धूर दिसतो.
किंवा धुकं असेल.
नोव्हेंबरात हिऊमा बेटाचं काही खरं नसतं.

आर्वो हाप्सालूहून फोनवर म्हणाला,
टर्बो गेला, हेल्वे. आणून टाक गाडी.
न बघता, न ऐकता.
त्याने सांगितलेला आकडा मी वीजबिलाच्या पाठीवर लिहिला,
खाली फेरीबोटीचं जाण्यायेण्याचं भाडं,
त्याखाली हाप्सालूत बहिणीकडे दोन रात्री
(तिचं भाडं वेगळं, ते ऐकून घ्यावं लागतं),
आणि बेरीज केलीच नाही.
नाकापेक्षा मोती जड, हे बेरजेवाचून दिसतं.

गाडी अठरा वर्षांची.
उन्हाळ्यात मधाच्या बरण्या वाहते, हिवाळ्यात
दर बुधवारी गायकवृंदातले तिघे खर्जवाले,
मागच्या सीटवर, कोट-टोप्यांसकट.
एंडेल म्हणतो, शीळ अर्ध्या सुराने उतरलीय.
रैमो म्हणतो, चढलीय.
काउपो ट्रॉलरवर इंजिनखोलीत तीस वर्षं होता,
तो खिडकीबाहेर बघत म्हणाला,
टर्बो आपणहून मरत नाही,
त्याला कुणीतरी तहानेने मारतं.
तेलाची नळी बघ आधी. ती तुंबलेली असली
तर नवाही मरेल, आणि नव्याचे पैसे जास्त लागतात.

मी गप्प.
एप्रिलमध्ये तेल बदलायचं होतं.
एप्रिलमध्ये पेट्या उघडायच्या होत्या, मग जूनमध्ये
माश्या उठल्या, मग ऑगस्टमध्ये मध.
गाडीने दुखणं अंगावर काढलं, बिचारीने.
आणि मी म्हणत होते, चालतेय ना.

स्वतः बदलायचा, तर बदलता येईल.
पान्हे आहेत. गोठ्यात दिवा आहे.
पण एक्झॉस्टच्या चार नटांवर समुद्राचं मीठ
अठरा वर्षं बसलंय. त्यातला एक जरी तुटला
तर हात दाखवून अवलक्षण,
आणि हातही कसले,
उजव्याची करंगळी सकाळी नऊपर्यंत वाकत नाही.

रविवारी तरीही बसले.
टॉर्च दातांत, हवेचा पाइप सोडवला,
आत बोट घातलं.
पाती गार होती, लहान, एखाद्या सुकल्या फुलाएवढी.
फिरवली. फिरली.
आडवी हलवली. केसभर हलली, तेवढी चालते म्हणतात.
मग आतबाहेर.
नाही.
पुन्हा. नाही.
सातव्यांदा वाटलं, हो.
आठव्यांदा वाटलं, हे माझंच बोट.

हिवाळ्यात पेटी उघडत नाहीत.
उघडलीत, तर जी ऊब बघायला गेलात
तीच निघून जाते.
कान लावायचा फळीला, टकटक करायची,
आणि आतून येईल त्या गुणगुणीवरून ठरवायचं
की यांना सोडून द्यावं, की हात घालावा.
दोनदा चुकलेय मी. एकदा इकडून, एकदा तिकडून.

पाइप परत बसवला.
टर्बो मागवला नाही.
मागवली ती तेलाची नळी, पाच लिटर तेल,
आणि चार तांब्याच्या चकत्या, सांध्यात घालायच्या,
एका आइस्क्रीमपेक्षा स्वस्त.
पाकिटातून आल्या. साखरेच्या भांड्याशेजारी ठेवल्या,
दोन दिवस येताजाता बघत होते.
मग मंगळवारी बसवल्या.
जुनी नळी सुरीने उभी चिरली :
आत काळं, डांबरासारखं,
मधून सुई जाईल एवढीच वाट.

बुधवारी तिघे चढले.
ठरलं का, एंडेलने विचारलं. मी चावी फिरवली.
बर्फाच्या पातळ पापुद्र्यावरून फाटकाबाहेर,
चर्चच्या वळणापर्यंत त्यांचं
नव्या पाद्र्याच्या बेसूर आवाजावरून चाललेलं,
पहिला, दुसरा,
आणि तिसऱ्याला
तिघेही बोलायचे थांबले.