शेपूट

उईके साहेबांची पोती चंद्रपूरहून अंबडला आली
तेव्हा निंबा म्हणाला, हा तर खडीचा माल.
खोटं नव्हतं.
शंभर किलो दगडात चारशे ग्रॅम तांबं,
तेही डोळ्यांना न दिसणारं.

एक किलो घ्यायचा, बारा मिनिटं चक्कीत.
चुना, पीएच साडेदहा.
सिरिंजनं झँथेटचे थेंब
(वास कुजक्या कोबीचा, ओढणीला चिकटून घरी येतो),
पाइन तेल, आणि हवा सोडायची.
तांब्याच्या कणाला पाण्याची शिसारी आणायची,
एवढंच आमचं काम.
मग तो बुडबुड्याला बिलगून वर येतो
आणि दगड खाली राहतो, शहाण्यासारखा.
खाली राहतं त्याला आम्ही टेल म्हणतो.
निंबा म्हणतो शेपूट.

पहिल्या दिवशी एकसष्ट टक्के हाती आलं.
झँथेट वाढवलं, बासष्ट.
चुना वाढवला, साठ.
खैरनार सर म्हणाले, मालातच दम नाही,
रिपोर्ट लिहून टाका.

अब्बा सराफ बाजारात झारेकरी होते.
दुकानं मिटली की पायऱ्यांखालची धूळ,
गटाराच्या तोंडाशी बसलेला गाळ
पोत्यात भरून टाळकुटेश्वर पुलाखाली न्यायचे,
घमेल्यात घोळायचे, उकिडवे, पहाटेपर्यंत.
सोन्याचा कण दिसला तरी चेहरा हलायचा नाही.
उरलेला चिखल मात्र फेकण्याआधी
अंगठ्यानं चोळून बघायचे.
गेलेलं बघावं, म्हणायचे,
आलेलं काय, कुणीही मोजतं.

मी रिपोर्ट लिहिला नाही.
शेपूट वाळवलं, चाळलं,
जाड कण मायक्रोस्कोपखाली धरले.
होतं की तिथं! अर्धा दगड, अर्धा पितळी,
चिंचोक्याला गर चिकटावा तसं.
बुडबुडा बिचारा किती ओझं उचलणार.

सगळंच बारीक दळलं तर चिखल होतो,
चिखलात कुणाला कुणाची ओळख राहत नाही.
म्हणून फक्त चाळणीवर उरलेलं
पुन्हा चक्कीत, सात मिनिटं.
सोळावी चाचणी वाया गेली:
शनिवार, पालिकेचं पाणी बंद,
टँकरचं जड पाणी, फेस मेलेला.
सतरावीला फेस दाट आला,
कडेला मोरपिशी झाक. निंबा पट्टीनं ओढत राहिला,
दर दहा सेकंदांनी, ओठांत आकडे मोजत.

अठ्ठ्याहत्तर.
खैरनार सरांनी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं.
फोनवर उईके साहेब आधी गप्प,
मग म्हणाले, आणि उरलेलं बावीस?

अब्बांना आता नीट दिसत नाही.
ओढणीचा वास आला की विचारतात,
आज काय घोळलंस?

शेडमागे बादली उचलून निंबा उभा.
नसरीनताई, शेपूट ओतू का टाकीत?
मी बोट बुडवलं. करडं, गार,
अंगठ्याखाली बारीक कचकच.
थांब जरा, म्हटलं.