मत्तोम्मे

रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला
तर आतली बाई म्हणाली, मत्तोम्मे.
पुसून ठेवला. मत्तोम्मे.
पदराला घासून, फुंकर मारून,
मागं रांगेत बावीस पिशव्या ताटकळलेल्या,
मत्तोम्मे.
मशीनचं बोलणं कन्नडात,
माझ्या अंगठ्याचं उत्तर कुठल्याच भाषेत नाही.
बसगौडा दुकानदार वाईट माणूस नव्हे.
म्हणाला, मावशी, तुझ्या बोटात तू नाहीस बघ.

एकोणीस वर्षं खानापूरच्या कौलांच्या कारखान्यात
साच्यातनं निघालेल्या ओल्या कौलाची कड
ह्याच अंगठ्यानं फिरवून गुळगुळीत करतो मी.
आमच्याकडं बाईसुद्धा करतो, जातो, आलोच म्हणते;
पुण्याच्या पावण्यांनी हसायचं तर हसून घ्यावं.
रेषा गेल्या असतील
जांबोटीला, कणकुंबीला, नंदगडला,
कुणाकुणाच्या चुलीवरच्या छपरात.
मांजरं फिरतात त्यांच्यावरनं,
सकाळचा धूर निघतो त्यांच्या फटीतनं.
तिथं लावा म्हणावं मशीन.

नागवेणीचं पार्लर स्टेशन रोडला:
दोन खुर्च्या, एक आरसा, पडद्यामागं शिलाईचं काम.
बोर्ड कन्नडात मोठा, मराठीत बारीक,
आत भुवया सगळ्यांच्या सारख्याच.
टेबलावर पाकीट होतं,
चेहऱ्याला लावायची माती, वीस रुपये.
माती? विकत?
मी एवढा हसलो की खुर्चीतली पोरगी हलली
आणि नागवेणीनं दातातला दोरा न सोडता
मला शिवी हासडली.

मग माझा हात उलटासुलटा करून बघितला,
बाजारात वांगं बघतात तसा.
इथलं काही घेऊ नको, म्हणाली.
मेडिकलमधनं ग्लिसरीनची लहान बाटली आण,
त्यात तेवढंच गुलाबपाणी.
भेगांना लिंबू नको, कोण काय सांगेल ते सांगेल.
रात्री कोमट पाण्यात हात,
टिपायचे, घासायचे नाहीत,
ओलसर आहेत तवरच लावायचं
आणि वरनं जुने पायमोजे चढवून निजायचं.
पायमोजे? हाताला?
मग काय डोक्याला?

भरमाण्णाचे खाकी पायमोजे, लाकूड डेपोच्या ड्युटीचे.
उजव्याला भोक, आणि भोकातनं
नेमका अंगठाच बाहेर.
त्यानंच सुई घेतली, जाड टाके घातले,
पोत्याला घालतात तसले.
मोजे चढल्यावर कळलं,
कडी लागत नाही, तांब्या धरवत नाही,
मच्छरदाणीचं टोक खोचत नाही.
तेवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा
माझ्या हातांना काहीच येत नव्हतं.
पाणी त्यानं पाजलं. कडी त्यानं घातली.
कुत्र्यानं पंजा द्यावा तसा मी हात दिला,
तो हसला, आणि दिवा घालवला.

आठवड्यानं साडीचा धागा बोटात अडकायचा थांबला.
तोवर मला ठाऊकच नव्हतं
की तो अडकत होता.

पुढच्या महिन्यात अंगठा ठेवला.
मशीन जरा थांबली,
मग चिठ्ठी सोडली.
बसगौडा म्हणाला, आलीस की परत.
तांदूळ घेऊन घरी आलो,
बाटलीत बोटभर ग्लिसरीन उरलेलं.
सरकारला अंगठा पटला होता.
आता हे कुणासाठी, असं वाटलं,
तरी पाणी चुलीवर ठेवलंच.

भरमाण्णा भिंतीला टेकून बसलेला.
टाचांचं काय असतंय गे तुझ्या नागवेणीकडं?
बघितलं तर
उन्हानं तडकलेलं तळं परवडलं.
एक टाच चोळून झाली,
दुसरी मागितली,
तर तीच पुढं करून म्हणतो, मत्तोम्मे.

मग माझे हात त्यानं घेतले.
पायमोज्यांचा जोड एकच,
एक त्याच्या पायात, एक माझ्या हातात,
उरलेलं सगळं बुळबुळीत.
दिवा कुणी घालवायचा
ह्यावर बराच वेळ
कुणीच उठलं नाही.