बद्द

मुंबईच्या टांकसाळीतून
रजिस्टर पोस्टाने आठव्या महिन्यात आलं.
निळ्या मखमलीची डबी, वर प्लास्टिकचं झाकण,
आत रेवदंडा.

भिंग घेऊन बसलो.
सातखणी बुरुजाचे सातही खण
कारागिराने पुन्हा उभे केलेत.
आमच्याकडचे उरलेले
माड वाऱ्यावर वाकला तरच दिसतात.
तटाला भगदाड नाही,
भगदाडात उंबर नाही,
कोर्लईच्या बाजूला समुद्र म्हणून तीन रेघा.
आणि तटाच्या आत, जिथे आमची सुपारीची वाडी,
रहाटाचं मोडकं चाक
आणि पास्कूने दोन वर्षांपूर्वी ठेवायला दिलेली सायकल,
नेमकं तिथे सन कोरलंय.

बाजारात नेलं, पदीबाय चोगलेकडे.
म्हटलं, शंभराचं आहे, बोयटाचे दोन वाटे दे.
(थट्टाच. पण थोडं बघायचंही होतं.)
तिने ओल्या हाताने उलटंपालटं केलं.
"चालतंय का?"
"चालत नाही. जपून ठेवायचं असतं."
"चालत नाय, त नानं कसलं?"
आणि पायाजवळच्या दगडावर टाकलं,
तिची सासू राणीछाप टाकायची तसं.

बद्द.

झाकणासकट टाकलं म्हणून असेल.
शेजारच्या दोघी हसल्या. मीही.

मग तिने तराजूची डावी दोरी वर केली.
गाठीत बांधलेला तांब्याचा एक तुकडा,
गोल होता कधीतरी.
"पोराला गावला, खाडीच्या तोंडाशी,
रेती सरकली तवा. पासंगाला बरा."
कुठला राजा, कुठली लिपी,
दोन्ही बाजूंनी समुद्राने पुसून घेतलेलं.
पारडं हललं, थांबलं,
काटा मधोमध.

बोयटं रोख पैशांनीच घेतली.

परतताना वेशीत अलिबागची एसटी अडकली होती.
ड्रायव्हरने आरसा दुमडला,
कंडक्टर खाली उतरून "येऊ दे, येऊ दे" करत होता.
गाडी गेली.
दगडावर लाल रंगाचा ओला ओरखडा,
त्याच्याखाली जुना, त्याच्याखाली आणखी जुना.
बोट लावून पाहिलं. रंग बोटाला आला.

घरी डबी उघडली.
झाकणावर एक खवला चिकटून वाळलाय,
बरोबर बुरुजावर,
वरच्या तीन खणांवर.
दिवा त्यावर पडला की
नाण्यापेक्षा तोच जास्त चमकतो.

पुसायला फडकं घेतलं होतं.
ते आता कुठे ठेवलं, सापडत नाही.