शेऱ्याचा रकाना

सिरपूर तलावाच्या पाळीवर सव्वासहा.
हरलाल केवट जाळं झाडतो,
मी पिशवीतून वही काढते:
शाळेतून निवृत्त होताना उरलेली हजेरीची वही,
रोल नंबराच्या जागी आता तारीख,
नावाच्या जागी मासा.

नऊ मार्च. तिलापिया, सात. वीतभर. एकीच्या तोंडात पिल्लं.
चौदा मार्च. डावखुरी गोगलगाय,
जलपर्णीच्या मुळांना दाण्याच्या कुटासारखी चिकटलेली,
मोजायचं सोडून दिलं.
टोक वर धरायचं, तोंड डावीकडे आलं
तर बहुधा बाहेरची. हे तन्वीरनं शिकवलं.
एम.एस्सी.ला आहे पोरगा, रविवारी येतो,
माझी अक्षरं फोनवर चढवतो
आणि म्हणतो, मॅडम, सात आणि एक सारखेच काढता तुम्ही.

आणि जवळजवळ रोज, तो.
अंगभर ठिपक्यांचं चिलखत, डोक्याखाली गोल तोंड.
हरलालच्या भाषेत जाळफाड.
"न खाने का, न बेचने का.
कुत्ता भी सूंघ के चल देता है."
पाळीवर पडून अर्धा तास झाला
तरी याचे कल्ले हलतच असतात.

मी पट्टी लावते. बेचाळीस सेंटिमीटर.
ठिकाण: मोरीजवळ. संख्या: तीन.
कुठून आला: अज्ञात.

"आए कहाँ से ये?" हरलाल विचारतो.
दक्षिण अमेरिकेतून, मी सांगते.
"इतनी दूर से!" मग माझ्याकडे बघून हसतो.
"आप लोग भी तो बाहर से ही आए थे ना, दक्खन से?"
हो, घोड्यावर. पण आम्ही कुणाची जाळी फाडली नाहीत.
तो काही बोलत नाही.
दातानं दोरा तोडून पुढचं भोक शिवायला घेतो.

अद्वय बंगळूरला गेला त्या ऑगस्टमध्ये
हॉलमधली काचपेटी मी रिकामी केली.
गोल्डफिश शेजारच्या चित्तोड्यांनी नेले.
काच चाटणारा काळा, बोटाएवढा, उरला.
तो कुणालाच नको होता
आणि मला मारवेना.
पोह्यांच्या डब्यात पाणी घालून, मांडीवर धरून,
धार रोडनं टेंपोत हिंदकळत आणला.
याच पायरीवर झाकण उघडलं.
जा बाबा, म्हटलं.
त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

तेहतीस वर्षं गणित शिकवलंय.
एकट्या माशाला पिल्लं होत नाहीत एवढं कळतं.
म्हणजे दुसराही एक डबा होता.
दुसरं कुणी, असंच, मारवेना म्हणून,
झाकणावर तळवा दाबून आलेलं.

तेव्हापासून मी माशांइतकीच माणसं बघते.
पाळीवर फिरायला येणारे, कानटोपीवाले, जोडप्यानं येणारे,
पाण्यापाशी उगाच थांबणारी ती निळ्या शालीतली बाई.
विचारायचं कसं?
आपल्याकडे कधी काचेची पेटी होती का हो?

आज तन्वीर म्हणाला, शेऱ्याचा रकाना
पहिल्या पानापासून कोरा आहे, काढून टाकू?
थांब, म्हटलं.
पेन चालेना, तळव्यावर घासलं.
लिहिलं:
मी. आणि आणखी किमान एक.

त्यानं वाचलं. फोनवर चढवलं नाही.
हरलालनं हाक मारली, चौथा सापडला होता.
मी पट्टी घेऊन उठले.