काकवी

काळं-पांढरं होतं तवर नुसत्या काकवीवर भागायचं.
कागलच्या गुऱ्हाळावरनं डबा आणायचा,
पाटलाचा चाबूक बसला की
पोराच्या पाठीवर बोटानं वळ ओढायचा.
पडद्यावर बायका डोळं पुसायच्या.

रंग आला, मग तांबडा मिसळाय लागलो.
मेलेल्याला मुंग्या लागायच्या.
'हलू नकोस!' साहेब ओरडायचे.
मढं पायाचा अंगठा तेवढा वळवायचं.

एकदा ज्योतिबाच्या डोंगराखाली
इराप्पा घोड्यावरनं पडला. कपाळ फुटलं.
साहेब वाकून बघत म्हणाले,
'फिक्कं आहे, पटत नाही. काकवी मार जरा.'
मारली.
ह्योच हात.

सीन पास झाला.
थोरल्या दवाखान्यात न्हेताना टांग्यात
मांडीवर त्याचं डोस्कं, मी मुंग्या निवडत होतो.
सगळ्या माझ्या रक्ताला लागलेल्या,
त्याच्याकडं एकबी गेली न्हाई.

आता नातू मोबाइलवर दावतो:
एक कोयता, बारा माणसं, भिंतभर लाल.
'आबा, ह्यात कायबी लावत न्हाईत,
सगळं कॉम्प्युटरवर.'
बघतो मी, भाकरी मोडत.
मग इचारतो,
भिंत कोण पुसतं रं?